शिकवणे आणि राबवणे : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील उस्ताद-शागिर्दांचा इतिहास



पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागून खडकी-दापोडी ओलांडली की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी एकापाठोपाठ एक कारखान्यांची गावे लागतात. नाशिक फाट्यावरून उजवीकडे वळले तर भोसरी-मोशीमार्गे आपण चाकणला पोहोचतो. ही यंत्रनगरी कोणी उभारली असे कोणी विचारले, तर आपण चटकन उद्योगपतींची नावे घेतो. जमीन मिळाली, पाणी मिळाले, वीज आली, भांडवल आले, असेही सांगतो. ते सारे खरेच आहे. परंतु आणखी एका गोष्टीची गरज होती आणि तिचा हिशोब आपण फारसा ठेवलेला नाही. कालपर्यंत बापाबरोबर शेतात औत धरणारा, किंवा पेठेतल्या दुकानात सायकलचे पंक्चर काढणारा मुलगा कारखान्यात आला. त्याच्या हाताने आता मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळावयाचा होता. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक माप! हे त्या हाताला कोणी शिकवले? आणि कसे शिकवले?

आजच्या लेखात त्या शिकवणाऱ्यांचा इतिहास आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. हा इतिहास वाचताना एक प्रश्न मनात ठेवावा, ही विनंती. काम करता करता माणूस शिकतो, हे खरे. पण मुलाला काम शिकवणे आणि मुलाला कामाला राबवणे यांत फरक कोणता? आपल्या समाजातील पुष्कळ मुले दहावी-बारावीनंतर याच पट्ट्यात रोजगार शोधतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

उस्तादाची शाळा

आपल्याकडे हुनर शिकण्याची सर्वांत जुनी शाळा म्हणजे उस्तादाचे दुकान. पुण्याच्या नाना पेठेतले, भवानी पेठेतले गॅरेज घ्या किंवा एखादे लेथचे छोटे वर्कशॉप घ्या, तेथे 'उस्ताद' हा शब्द कोणत्याही धर्माच्या कारागिराच्या तोंडी सहज असतो. शागिर्द लहानपणी दुकानात येई. झाडलोट करी, चहा आणी, हत्यारे पुसून ठेवी. उस्तादाने हात पुढे केला की बारा-तेराचा पाना हवा की चौदा-पंधराचा, हे त्याला न सांगता कळू लागे. पुढे इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कोठे आहे ते ओळखता येई. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते कानात, बोटांत आणि नजरेत होते.

या पद्धतीतला मोठा गुण असा की, शिकणे आणि काम यांच्यामध्ये भिंत नव्हती. शागिर्द खऱ्या गाडीवर शिके, खऱ्या गिऱ्हाइकाचे समाधान होते की नाही हे डोळ्यांनी पाही. शिवाय उस्ताद-शागिर्दाचे नाते जन्मभराचे असे.

पण दोषही होते आणि ते मान्य केलेच पाहिजेत. शिकण्याला मुदत नव्हती. चहा आणण्यात दोन वर्षे गेली की चार, हे उस्तादाच्या मर्जीवर असे. काही उस्ताद मर्माची गोष्ट अखेरपर्यंत हातात राखून ठेवीत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे शागिर्दाला 'कसे' ते कळे, पण 'का' ते कळत नसे. नकाशा वाचता येत नाही, अपूर्णांकाचा हिशोब येत नाही, हातात प्रमाणपत्र नाही. त्यामुळे उत्तम हात असलेला माणूसही कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राही.

कायद्याच्या नोंदीतही या विषयाचा आरंभ जुना आहे. शिकाऊ मुलांविषयीचा पहिला कायदा भारतात १८५० साली झाला. सार्वजनिक धर्मादायातून वाढलेल्या अनाथ व गरीब मुलांना एखादा धंदा शिकता यावा, यासाठी त्यांना मालकाकडे करारावर ठेवण्याची ती व्यवस्था होती. हेतू चांगला होता. परंतु धंदा शिकणे म्हणजे गरिबांच्या पोरांची सोय, ही समजूतही तेव्हापासूनची आहे आणि ती आजही आपल्या घराघरांत पाहावयास मिळते.

वर्ध्याची सभा आणि डॉ. झाकीर हुसेन यांचा इशारा

हाताच्या कामाला शिक्षणात मानाचे स्थान द्यावे, हा विचार आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींनी वर्ध्याला शिक्षणतज्ज्ञांची परिषद बोलावली. मुलाचे सारे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफावे, ही त्यांची कल्पना. ती प्रत्यक्षात आणण्याची योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे आले. हेच पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले.

डॉ. झाकीर हुसेन यांनी बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला होता. म्यूनिकमध्ये कामाच्या शाळा उभारणारे शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनश्टायनर यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. नुसते हात चालवणे म्हणजे शिक्षण नव्हे. काय करावयाचे ते आधी ठरवावे, कसे करावयाचे ते योजावे, मग करावे आणि शेवटी आपले काम आपणच तपासावे, तेव्हा ते काम शिक्षण होते, असा त्या विचाराचा गाभा.

वर्ध्याच्या परिषदेत या गृहस्थांनी गांधीजींच्या समोर एक स्पष्ट इशारा दिला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा यावर फार भर दिला गेला, तर शिक्षक हा शिक्षक राहणार नाही. तो गरीब मुलांकडून काम उपसून घेणारा मुकादम होईल, अशा अर्थाचे ते बोलणे होते. समितीच्या अहवालातही हा धोका नोंदवला गेला. कामातून शिकवण्याच्या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यानेच तिचा धोका सर्वांआधी सांगितला, हे लक्षात घ्या. शिकवणे आणि राबवणे यांतली रेषा त्यांनी तेव्हाच आखून ठेवली. पुढचा सारा इतिहास आपण याच रेषेवरून मोजू.

माळरानावर कारखाने

स्वातंत्र्यानंतर पिंपरीच्या माळावर पहिला मोठा सरकारी कारखाना आला तो औषधांचा. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. मग आकुर्डी-चिंचवड परिसरात स्कूटर, टेम्पो, इंजिने, बेअरिंग यांचे कारखाने उभे राहिले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि या भागाच्या वाढीला गती आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली आणि १९८२ साली महानगरपालिका.

पण कारखान्याच्या इमारती वर्षभरात उभ्या राहतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट वर्षभरात उभा राहत नाही. 'पी हळद आणि हो गोरी' असा प्रकार येथे चालत नाही. म्हणून दोन व्यवस्था महत्त्वाच्या ठरल्या. एक, १९५० साली सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना, जिच्यातून गावोगावच्या आय.टी.आय. निघाल्या. दुसरी, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. या कायद्याने ठरावीक उद्योगांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि एक गोष्ट स्वच्छ शब्दांत सांगितली की, शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. उस्तादाच्या दुकानात जी मुदत नव्हती, ती येथे लेखी करारात आली. शेवटी परीक्षा आली, प्रमाणपत्र आले.

या पट्ट्यातील एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली १९६६ साली पुण्याचा कारखाना स्थापन केला. त्या कारखान्यात तयार झालेले पहिले व्यापारी वाहन बाहेर पडले ते १९७७ साली. मधली ही अकरा वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. यंत्रे व हत्यारे स्वतः घडवण्याचे विभाग आणि ती घडवणारी तरुण मुले तयार करण्याचे प्रशिक्षण, यांवर आधी भर दिला गेला. घाई न करता आधी माणूस घडवला, मग गाडी काढली. पुढे या पट्ट्यात कितीतरी लघुउद्योजक निघाले. शिकाऊ उमेदवार म्हणून हात बसलेल्या कारागिराने दोन लेथ घेऊन भोसरीत शेड टाकावी, हे येथे नवलाचे राहिले नाही.

कानस काय शिकवते?

आय.टी.आय.त किंवा कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात फिटरचा शिकाऊ आला की त्याच्या पुढ्यात पहिल्यांदा यंत्र येत नाही. येतो तो शेगडा, लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा आणि कानस. ठोकळा शेगड्यात पकडावयाचा आणि कानसीने घासून सपाट करावयाचा. दिवसचे दिवस हेच काम. पुष्कळ मुले कंटाळतात. पालकही म्हणतात, "यंत्राच्या युगात हे कानस घासणे कशाला?"

यामागची शिकवण्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. मुलगा ठोकळा घासतो आणि त्यावर गुण्या लावून उजेडासमोर धरतो. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, तर पृष्ठभाग अजून सपाट नाही. मग सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ थर देऊन त्यावर तो ठोकळा फिरवतो. जेथे उंचवटा असेल तेथेच निळा डाग लागतो. डाग दिसला तेथे पुन्हा कानस. पाहा, येथे शिक्षकाला रागावण्याची, छडी उगारण्याची, वहीत लाल शेरा मारण्याची गरजच पडत नाही. चूक मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, ताबडतोब दिसते आणि ती सुधारण्याची संधीही तेथेच मिळते. पुढे दोन तुकडे एकमेकांत अचूक सरकतील असे बनवण्याचा 'मेल-फिमेल' जॉब येतो. तेव्हा एकाची चूक दुसऱ्यात अडकते आणि मापाचे महत्त्व व्याख्यानावाचून पटते.

त्याच वेळी शेजारच्या वर्गात नकाशा वाचणे आणि कारखान्याचे गणित शिकवले जाते. उस्तादाच्या दुकानात जे 'का' राहून जाई, ते येथे भरून निघते. हात आणि डोके यांची अशी सांगड घातली गेली, तेथे मुले टिकली. जेथे वर्ग वेगळा आणि वर्कशॉप वेगळे पडले, तेथे मुलाने वर्गात जांभया दिल्या आणि वर्कशॉपमध्ये नुसती नक्कल केली.

एका गाठीची गोष्ट

आता शिकवणाऱ्याकडे वळू. उत्तम कारागीर हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही. हा अनुभव अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धात फार तीव्रतेने आला. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यांत नवखी माणसे भरली. त्यांना थोड्या दिवसांत काम शिकवावयाचे कसे? तेव्हा १९४० ते १९४५ या काळात 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री', थोडक्यात 'टी.डब्ल्यू.आय.', ही मोहीम चालली. सोळा लाखांहून अधिक लोकांनी तिचे प्रशिक्षण घेतले. शिकवण्याची जी रीत तीत होती, तिचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या काळात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी चार्ल्स अॅलन यांनी बसवलेल्या चार पायऱ्यांत होते. अॅलन यांच्यामागे जर्मन तत्त्वज्ञ हेर्बार्ट यांचा शिक्षणविचार होता.

या प्रशिक्षणात सुपरवायझरांना एक प्रयोग करून दाखवीत. छताला टांगलेल्या दिव्याची वायर ओढली गेली तरी जोडावर ताण येऊ नये, म्हणून होल्डरच्या आत वायरीच्या दोन तारांची एक विशिष्ट गाठ मारतात. प्रशिक्षक एका सुपरवायझराला पुढे बोलावी आणि गाठ कशी मारावयाची ते फक्त तोंडाने सांगे. उजवी तार अशी घे, डावी तिच्या मागून काढ, वगैरे. गाठ काही बसत नसे. मग दुसऱ्याला बोलावून, एक शब्दही न बोलता, फक्त गाठ मारून दाखवी. त्यालाही ती जमत नसे. मग प्रशिक्षक विचारी की, आपण कारखान्यात रोज याच दोन रीतींनी शिकवत नाही काय?

त्यानंतर तिसऱ्या माणसाला चार पायऱ्यांनी शिकवले जाई आणि त्याला गाठ येई. त्या चार पायऱ्या अशा :

पहिली, शिकणाऱ्याची तयारी. त्याच्या मनातली भीती घालवावयाची, त्याला आधी काय येते ते विचारावयाचे आणि हे काम कशासाठी आहे ते सांगावयाचे. त्याला अशा जागी उभे करावयाचे की हात नीट दिसतील. समोरून पाहिले तर डावे-उजवे उलटे होते.

दुसरी, काम दाखवणे. एका वेळी एकच पायरी, सावकाश, सांगत आणि दाखवत. प्रत्येक पायरीतली मर्माची गोष्ट कोणती आणि ती का महत्त्वाची, हे वेगळे करून सांगावयाचे. पचेल त्याहून अधिक एका वेळी द्यावयाचे नाही.

तिसरी, करून घेणे. शिकणारा काम करील, पुन्हा करील आणि करता करता मर्माच्या गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगेल. त्याला समजले अशी आपली खात्री होईपर्यंत.

चौथी, पाठीशी राहणे. त्याला एकट्याला काम करू द्यावयाचे, अडल्यास कोणाला विचारावे ते सांगावयाचे, वारंवार येऊन पाहावयाचे आणि मग हळूहळू ते पाहणे कमी करावयाचे.

आणि या साऱ्याचे सार असे की, शिकणाऱ्याला आले नाही, तर शिकवणाऱ्याने शिकवले नाही असे समजावे. 'पोरगे मठ्ठ आहे' ही सबब बाद!

युद्धानंतर ही रीत जपानने उचलली आणि तेथल्या मोटार कारखान्यांनी ती आपलीशी केली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत ती स्वतंत्र भारतातही आली. वाचकहो, ती गाठ तुम्ही घरी करून पाहू शकता. विजेची वायर नको, साधी दोरी घ्या, नाहीतर नाडीची गाठ घ्या. धाकट्या भावाला आधी नुसते सांगा, मग नुसते दाखवा, मग चार पायऱ्यांनी शिकवा. गणिताचे उदाहरण असो की शिलाईचे काज, अनुभव हाच येईल.

प्रौढांचा वर्ग आणि पाबळची शाळा

कारखान्यातला कामगार प्रौढ असतो, संसारी असतो. त्याला शाळकरी मुलासारखे बाकावर बसवून व्याख्यान दिले तर तो झोपतो. १९५८ साली नागपूरला मुख्यालय असलेले केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. आज ते दत्तोपंत ठेंगडी यांच्या नावाने ओळखले जाते. या मंडळाने एक चांगली रीत पाडली. आधी शिक्षणाधिकारी तयार केले, त्यांनी कामगारांतूनच कामगार-शिक्षक तयार केले आणि त्या शिक्षकांनी आपापल्या कारखान्यात सोबत्यांचे वर्ग घेतले. व्याख्यानाऐवजी चर्चा, तक्ते, दुसऱ्या कारखान्याला भेटी आणि नाट्यप्रवेश यांचा उपयोग केला. एक कामगार मालक झाला, दुसरा युनियनचा पुढारी झाला आणि तक्रार कशी मांडावी याची तालीम झाली. सोबत्याने सोबत्याला शिकवण्याची ही युक्ती आपल्या शाळांतही चालेल.

या पट्ट्याच्या जवळच आणखी एक प्रयोग झाला, त्याची माहिती प्रत्येक पालकाने घ्यावी. चाकण-राजगुरुनगरच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेल्या मुलांना हाताशी धरून त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, विजेचे काम, शेती, माती-पाण्याची तपासणी असे सारे एकत्र शिकवले. मुलगा एका कामात अडकून न राहता त्याला अनेक कामांची ओळख व्हावी, हा हेतू.

त्यांची पद्धत सरावाच्या खोट्या कामावर उभी नव्हती. मुले गावाला लागणाऱ्या खऱ्या वस्तू व सेवा देत. गावकऱ्याला फाटक हवे आहे, तर ते मुले बनवत. त्याचा नकाशा काढत, लोखंड किती लागेल ते मोजत, खर्चाचा हिशोब मांडत. भूमिती, गणित आणि विज्ञान त्या फाटकातून शिकवले जाई. याच धर्तीवर शाळांसाठी आठवी ते दहावीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम झाला आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला स्थान दिले. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाक व आरोग्य शिकतात, हेही तेथे घडले. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या 'फॅब लॅब' काढल्या, त्यांतली एक २००२ साली पाबळला आली. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले, पण आश्रमाचे काम चालू आहे. वर्ध्याच्या परिषदेने जे कागदावर मांडले, ते येथे शेडच्या पत्र्याखाली चालून दाखवले गेले.

चाकणचे नवे उस्ताद

१९९९ मध्ये बजाज ऑटोने चाकणला कारखाना काढला. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथे सुरू झाले. त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे आले. जर्मन कारखान्यांबरोबर त्या देशातील दुहेरी शिक्षणाची रीतही आली. काही दिवस वर्गात, काही दिवस यंत्रावर आणि दोन्हीकडचे शिक्षक एकमेकांशी बोलणारे. डॉ. झाकीर हुसेन यांनी ज्यांच्या विचारातून प्रेरणा घेतली, त्या केर्शेनश्टायनर यांनाच या रीतीच्या जनकांत गणतात.

जपानी वळणाच्या अनेक कारखान्यांत आज 'डोजो' नावाची प्रशिक्षणाची खोली असते. नवा मुलगा थेट लाइनवर जात नाही. डोजोत मांडलेल्या चौकटीवर तो बोल्ट आवळतो, वायरीचे जोड बसवतो, रंगातला दोष ओळखतो. ठरावीक वेळात ठरावीक अचूकतेने काम जमले की मगच त्याला लाइनवर सोडतात. सुरक्षितता सांगून भागत नाही, म्हणून हातमोजा यंत्रात ओढला जातो म्हणजे काय होते ते लाकडी हाताने दाखवतात. यात नवे काय आहे? गाठीच्याच त्या चार पायऱ्या जपानमार्गे चाकणला आल्या आहेत.

आणि आपल्या लेकींसाठी एक गोष्ट. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे तीत म्हटले होते. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला, मुलाखतीला पुण्याला आल्या आणि टेल्कोच्या पहिल्या महिला अभियंता झाल्या. याच सुधा मूर्ती. २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या पुण्याच्या कारखान्यात सुमारे दीड हजार स्त्रिया मोटारी जोडणाऱ्या एका संपूर्ण लाइनवर काम करीत होत्या. 'मुलीच्या हाताला हे काम जमणार नाही' असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे. नीट शिकवले, तर हात कोणाचा आहे हे लोखंड विचारत नाही.

पालकांनी विचारावयाचे चार प्रश्न

येथवरचा इतिहास उजळ आहे. पण डॉ. झाकीर हुसेन यांचा इशारा जुना झालेला नाही. 'ट्रेनी' हा शब्द आज फार सैल वापरला जातो. मुलाला ट्रेनी म्हणून घ्यावयाचे, एकाच यंत्रावर महिनोन्‌महिने एकच बटण दाबावयास लावावयाचे, मुदत संपली की घरी पाठवून दुसरा ट्रेनी आणावयाचा, असे प्रकार ठिकठिकाणी घडतात. उस्तादाच्या दुकानात शागिर्द चहा तरी आणी आणि येता-जाता उस्तादाचे हात पाही. येथे पाहावयासही कोणी नसतो. हे राबवणे होय, मग त्याला नाव काहीही द्या.

म्हणून मुलगा किंवा मुलगी शिकाऊ म्हणून कोठे लागत असेल, तर पालकांनी चार प्रश्न विचारावेत. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला करार आहे काय? कोणता व्यवसाय आणि किती मुदतीत शिकवणार? शिकवण्याची जबाबदारी कोणत्या माणसावर आहे? आणि शेवटी कोणती परीक्षा व कोणते प्रमाणपत्र मिळणार? चारही उत्तरे मिळाली तर मुलाला निश्चिंत मनाने पाठवा. एकही मिळाले नाही, तर ती केवळ थोड्या पैशांची मजुरी आहे असे समजा. गरज असेल तर ती जरूर करावी, पण तिला शिक्षण समजून वर्षे घालवू नयेत. पिंपरीच्या मोरवाडीला महानगरपालिकेची आय.टी.आय. आहे, कासारवाडीला मुलींसाठी आहे, औंधला सरकारी आहे. तेथे जाऊन चौकशी करण्यात कमीपणा मानू नये.

शिक्षक बंधू-भगिनींना एवढेच सांगणे की, पुढचा धडा घेण्यापूर्वी त्या गाठीची आठवण ठेवा. तासातली निदान दहा मिनिटे मुलाच्या हाताला आणि तोंडाला काम द्या. त्याची चूक त्याला स्वतःला दिसेल, अशी निळ्या रंगाची काही सोय गणितातही करा, भाषेतही करा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही गॅरेजमध्ये असा, आय.टी.आय.त असा की महाविद्यालयात असा, 'कसे' कळले की तेथेच थांबू नका. 'का' विचारा. नकाशा वाचायला शिका, मोजायला शिका, आणि जे आले ते शेजारच्या सोबत्याला शिकवा. दुसऱ्याला शिकवता आले, म्हणजेच आपल्याला खरे आले. या पट्ट्याची भरभराट ज्यांनी केली, त्यांत अशा अनाम शिकवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. तुमच्यापैकी काहीजण उद्या त्यांच्या जागी उभे राहतील. तेव्हा तुमच्या हाताखाली आलेल्या पोराला तुम्ही शिकवता आहात की राबवता आहात, हे रोज संध्याकाळी स्वतःला विचारत जा.